शालेय क्रीडांचे स्वरूप आणि अर्धशक्तीचा विचार

नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले की वैद्यांच्या चिकित्सालयात एक विनंती हमखास येऊ लागते. मुलाला दम लागतो, मुलगी अशक्त आहे, गुडघा दुखतो किंवा यंदा दहावीचे वर्ष आहे. तेव्हा शाळेतील शारीरिक शिक्षणाच्या तासातून सूट मिळावी असा दाखला द्यावा, ही ती विनंती होय. दुसरी विनंती नेमकी उलट टोकाची असते. मुलाची जिल्हा पातळीवर निवड झाली आहे, स्पर्धा तीन आठवड्यांवर आली आहे, तरी ‘ताकदीचे’ काही तरी द्यावे. पहिल्या विनंतीस दाखला आणि दुसरीस एखादा अवलेह देऊन आपण मोकळे होतो. परंतु दोन्ही प्रसंगी एक प्रश्न विचारावयाचा राहून जातो. हे मूल मैदानावर नेमके काय करते?

हा प्रश्न साधा वाटतो; पण त्याच्या उत्तरावाचून दिलेला दाखला आणि दिलेले औषध, दोन्हीही अंदाजाने दिलेले ठरतात. शाळेच्या मैदानावर जे घडते ते सर्व आपण ‘व्यायाम’ या एकाच नावाखाली गोळा करतो. वस्तुतः त्यात निरनिराळ्या स्वभावाच्या क्रिया एकत्र आलेल्या असतात आणि त्यांचा देहावर होणारा परिणामही निरनिराळा असतो. हा भेद कसा ओळखावा व व्यवहारात कसा आणावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संहितांतील एक दिसणारा विरोध

अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील दिनचर्याध्यायात वाग्भटाचार्यांनी व्यायाम कोणी करू नये हे सांगताना वातपित्ताचे रोगी, वृद्ध आणि अजीर्णी यांच्याबरोबर बालकाचाही उल्लेख केला आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात सोळा वर्षांपर्यंतचे वय हे बाल्य मानून त्या वयातील धातू अपरिपक्व, देह सुकुमार, क्लेश न सोसणारा आणि बल अपूर्ण असते, असे म्हटले आहे. ही दोन वचने शेजारी ठेवली तर इयत्ता पहिली ते दहावीच्या कोणत्याही मुलास व्यायाम वर्ज्यच ठरेल. काही पालक आणि क्वचित वैद्यही या वचनाचा आधार घेऊन सूट मागतात वा देतात.

दुसऱ्या बाजूस आजचे शास्त्र उभे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते तीव्र स्वरूपाची हालचाल करावी, आणि तीव्र हालचाल तसेच स्नायू व अस्थी बळकट करणाऱ्या क्रिया आठवड्यातून किमान तीन दिवस कराव्यात. मग आपल्या आचार्यांचे वचन कालबाह्य झाले काय?

तसे मानण्याचे कारण नाही. वाग्भटांच्याच परंपरेतील अष्टांगसंग्रहाच्या उत्तरस्थानात बालकाची क्रीडाभूमी कशी असावी याचे वर्णन आले आहे. ती सपाट असावी, तीवर शस्त्रे, दगड व खडे नसावेत आणि ती विडंगादी द्रव्यांच्या अथवा निंबाच्या पाण्याने शिंपलेली असावी, असे तेथे सांगितले आहे. चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात खेळणी कशी असावीत हेही सांगितले : ती हलकी असावीत, टोकदार नसावीत, तोंडात जाणारी नसावीत. ज्या परंपरेने बालकास व्यायाम वर्ज्य सांगितला, त्याच परंपरेने त्याच्यासाठी खेळाची जमीन तयार करून ठेवली. याचा अर्थ उघड आहे. क्रीडा आणि व्यायाम हे दोन भिन्न पदार्थ आहेत. सुश्रुतसंहितेत चिकित्सास्थानाच्या अकराव्या अध्यायात बळावलेल्या प्रमेहासाठी श्रमाचे विहार सांगताना व्यायाम, नियुद्ध म्हणजे कुस्ती, आणि क्रीडा यांची नावे वेगवेगळी घेतली आहेत, हेही येथे ध्यानात घ्यावे.

थांबण्याचा अधिकार कोणाचा?

क्रीडा आणि व्यायाम यांतील भेद कशात आहे? केवळ घाम किती आला यात तो नाही. पकडापकडी खेळणारे मूल कवायत करणाऱ्या मुलापेक्षा पुष्कळदा अधिक धावते. भेद आहे तो थांबण्याच्या अधिकारात. स्वैर खेळात मूल दमले की आपण होऊन ओट्यावर बसते, पाणी पिते, दम खाते आणि पुन्हा खेळात शिरते. त्याची मर्यादा त्याच्याच देहाने ठरविलेली असते. कवायतीत ती मर्यादा शिक्षकाच्या शिट्टीवर अवलंबून असते. स्पर्धेत ती गुणफलकावर, संघाच्या लाजेवर आणि प्रेक्षकांच्या ओरडण्यावर अवलंबून असते. थांबण्याचा अधिकार देहाकडून दुसऱ्याच्या हाती गेला की क्रीडेचा व्यायाम होतो, आणि मात्रा सुटली की व्यायामाचे साहस होते.

आपल्या शास्त्राने या मात्रेसाठी ‘अर्धशक्ती’ हे माप दिले आहे. सुश्रुताचार्यांच्या मते व्यायाम करताना हृदयस्थ वायू मुखाशी येऊ लागला, म्हणजे तोंडाने श्वास घ्यावा लागू लागला, की अर्धे बल खर्ची पडले असे समजावे. टीकाकारांनी व पुढील ग्रंथांनी कपाळ, नाक व काख येथे घाम येणे आणि तोंडास कोरड पडणे ही लक्षणे त्यात घातली. आजचे क्रीडावैद्यक हेच काम बोलण्याच्या कसोटीने करते. हालचाल करताना सलग बोलता येते पण गाता येत नाही, ती मध्यम. दोन-चार शब्दांपलीकडे बोलता येत नाही, ती तीव्र. दोन्ही मापांचे वैशिष्ट्य असे की त्यांना यंत्र लागत नाही आणि ती व्यक्तिसापेक्ष आहेत. एकाच वर्गातील दोन मुलांची अर्धशक्ती सारखी नसते. ‘सर्वांनी मैदानाला पाच फेऱ्या माराव्यात’ या आज्ञेत नेमका हाच विचार हरवलेला असतो.

तीन प्रवाह, एक तास

आपल्या शाळांतील शारीरिक शिक्षणाचा तास तीन वेगळ्या प्रवाहांतून आला आहे. पहिला तालमीचा : जोर, बैठका, कुस्ती आणि दुसऱ्या बाजीरावांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी पुनरुज्जीवित केलेला मल्लखांब. दुसरा ब्रिटिश अमदानीतील लष्करी कवायतीचा. तिसरा सांघिक खेळांचा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे तिन्ही प्रवाह शाळेत एकत्र आले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास खो-खोच्या नियमबांधणीचे काम हाती घेतले; त्याच वर्षी अमरावतीस श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना झाली. मद्रासला १९२० मध्ये हॅरी क्रो बक यांनी शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू केले आणि लोणावळ्यास १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन करून योगक्रियांची प्रयोगशाळेत तपासणी आरंभिली. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने आरोग्य व शारीरिक शिक्षण हा विषय दहावीपर्यंत सक्तीचा मानला, आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नेही खेळास अध्यापनाचे अंग मानले.

तालीम शक्ती वाढविण्यासाठी होती, कवायत शिस्तीसाठी होती आणि सांघिक खेळ चुरशीसाठी व सहकार्यासाठी होते. उद्दिष्टे तीन, तास मात्र एकच. म्हणून ‘पीटीचा तास’ एवढे ऐकून वैद्यास काहीच कळत नाही.

मैदानावर प्रत्यक्ष काय घडते

खो-खोचे उदाहरण घेऊ. साठ मुलांचा वर्ग धरला, तर मैदानात एका वेळी नऊ पाठलाग करणारे आणि तीन पळणारे, मिळून बारा जण असतात. उरलेले अठ्ठेचाळीस बाहेर उभे असतात. बारांपैकी आठ चौकोनात बसलेले असतात. एका क्षणी धावतात ते चौघे. खो मिळताच बसलेला उठतो, काही सेकंद वेगाने धावतो, पुन्हा बसतो. पाठलाग करणाऱ्यास मिळणारा श्रम हा असा तुकड्यातुकड्यांचा, मधे विश्रांती असलेला असतो. पळणाऱ्याचा श्रम निराळा. जो चपळ, तो मिनिटेच्या मिनिटे हुलकावण्या देत राहतो. जो स्थूल वा दुर्बल, तो पहिल्या काही सेकंदांत बाद होऊन रेषेबाहेर जातो. ज्याला श्रमाची गरज सर्वांत कमी, त्याला सर्वांत अधिक श्रम, आणि ज्याला गरज सर्वांत अधिक, त्याला सर्वांत कमी. बाद होण्याच्या सर्वच खेळांचा हा स्वभाव आहे. अशा मुलास आपण सुटीचा दाखला दिला तर जे थोडे मिळत होते तेही गेले.

लंगडीत पाठलाग करणाऱ्याच्या देहाचा सर्व भार एकाच गुडघ्यावर व टाचेवर, आणि तोही आपटत पडतो. स्थूल मुलास खो-खोपेक्षा लंगडी अधिक जड जाते ती यामुळे. कबड्डीत चढाई ३० सेकंदांची असते; तेवढ्या अवधीत अखंड उच्चार, वेग आणि शेवटी अंगाला अंग भिडवून केलेली ओढाताण असते. ज्यास श्वासाचा त्रास आहे त्याला चढाई कठीण जाईल. पण क्षेत्ररक्षण जमू शकेल. लांब पल्ल्याची धाव हा सलग श्रम आहे. श्रमाने दमा उसळणाऱ्या मुलास तो तुकड्यातुकड्यांच्या श्रमापेक्षा सामान्यतः अधिक बाधतो. मल्लखांबात प्रत्येकाचे ओझे म्हणजे त्याचा स्वतःचा देह. स्थूल मुलास तो आरंभी अशक्यप्राय वाटतो, कृश पण चिवट मुलास तो शोभतो. लेझीम आणि तालबद्ध कवायत यांत श्रम मध्यम असतो, कोणी बाद होत नाही आणि सर्व साठ मुले एकाच वेळी हालतात. ज्या लेझमीस हल्ली केवळ स्वागतसमारंभाचे स्थान उरले आहे, ती या दृष्टीने मोलाची आहे.

दाखल्यापूर्वी परीक्षण

चरकाचार्यांनी दशविध परीक्षेत व्यायामशक्तीला स्वतंत्र स्थान दिले आहे आणि ती कर्मशक्तीवरून पाहावी असे म्हटले आहे. सुश्रुताचार्य चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात व्यायामापूर्वी वय, बल, शरीर, देश, काल आणि आहार यांचा विचार सांगतात. हीच सहा पदे आजच्या मुलास लावून पाहावीत. कोणता खेळ? सलग की तुकड्यांत? तास किती वाजता? मधल्या सुटीत डबा खाल्ल्यावर लगेच तास असेल तर पोटदुखी व उलटी यांचे कारण वेळापत्रकात आहे, कोष्ठात नव्हे. वाग्भटांनी शीतकालात व वसंतात अर्धशक्तीपर्यंत आणि इतर ऋतूंत त्याहून कमी व्यायाम सांगितला आहे. विदर्भ-मराठवाड्यात मार्चअखेरीस भर दुपारी होणाऱ्या तासाविषयी शिक्षकांशी बोलण्यास एवढा आधार पुरेसा आहे. अशा तासात मुलांना मधूनमधून पाणी पिण्याची मोकळीक असलीच पाहिजे.

काही लक्षणे मात्र अशी आहेत की तेथे मात्रेची चर्चा न करता खेळ तत्काळ थांबवावा. श्रम करीत असताना मूर्च्छा येणे, छातीत दुखणे, बरोबरीच्या मुलांच्या मानाने अतिशय दम लागणे, छातीत अनियमित धडधडणे, कुटुंबात तरुण वयात अकस्मात मृत्यू झालेला असणे. घसादुखीनंतर ताप येऊन एका सांध्यातून दुसऱ्या सांध्यात फिरणारी वेदना असणे. अशा मुलाची हृदयतपासणी झाल्याखेरीज त्यास मैदानात सोडू नये आणि आपणही केवळ हृद्य औषधांवर विसंबू नये.

याउलट, दहा ते पंधरा वर्षांच्या खेळाडू मुलाच्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखून तेथे उंचवटा आला असेल, किंवा त्याहून थोड्या लहान मुलाची टाच दुखत असेल, तर बहुधा तो आमवात नसतो. वाढत्या अस्थीस जेथे स्नायूची कंडरा जोडलेली असते, तेथे वारंवार ताण पडल्याचा तो परिणाम असतो. तेथे उड्या व वेगवान धाव काही आठवडे कमी करावी. मूल पूर्ण बंद करून ठेवण्याची गरज नसते.

मुलींच्या बाबतीत पांडुतेकडे विशेष लक्ष द्यावे. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींमध्ये रक्ताल्पता आढळली. त्याच वयाच्या मुलग्यांत हे प्रमाण ३१ टक्के होते. ‘मुलगी आळशी आहे, खेळत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असते. दाखला देण्याआधी रक्त तपासावे. रजःकालात वेदना वा स्राव अधिक असेल तर त्या दिवसांपुरती विश्रांती योग्यच. मात्र प्रत्येक वेळी सर्वांसमक्ष कारण सांगावे लागू नये, अशी व्यवस्था शाळेने करावी.

दाखला कसा असावा

‘वर्षभर खेळातून सूट’ असा दाखला लिहिणे सोपे आहे. पण तो चिकित्सेचा भाग नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात व्यायामाचे वर्णन संपताच अतिव्यायामाचे दोष येतात, आणि लगेच हितकर सवय पावापावाने लावण्याचा व अहितकर सवय पावापावाने सोडण्याचा क्रम येतो. हे प्रकरण याच ठिकाणी यावे, हे व्यवहारास फार सोयीचे आहे. स्थौल्याच्या चिकित्सेतही एकविसाव्या अध्यायात व्यायाम क्रमाने वाढविण्यास सांगितला आहे. ज्वरातून उठलेल्याने बल येईपर्यंत व्यायाम टाळावा हे चिकित्सास्थानाचे सांगणे आहे. बल आल्यावर त्याने पाव, अर्धा, पाऊण या क्रमाने मैदानात परतावे.

म्हणून दाखल्यात चार गोष्टी असाव्यात. कोणती क्रिया करू नये, कोणती करावी, ही व्यवस्था किती तारखेपर्यंत, आणि पुनर्तपासणी केव्हा. उदाहरणार्थ : ‘सदर विद्यार्थ्यास अमुक तारखेपर्यंत सलग धावणे व स्पर्धा यांतून सूट असावी. चालणे, लेझीम व हलके खेळ यांत त्याने भाग घ्यावा. आरंभी दहा-पंधरा मिनिटे हळूहळू अंग मोकळे करावे. दम लागल्यास स्वतःहून थांबण्याची मुभा असावी. अमुक तारखेस पुनर्तपासणी.’ यातील थांबण्याविषयीचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. त्यामुळे थांबण्याचा अधिकार पुन्हा मुलाच्या देहाकडे येतो. दम्याचे मूल श्वासमार्गे घेण्याचे औषध वापरीत असेल तर ते खेळाच्या वेळी जवळ असावे आणि आपल्या चिकित्सेच्या आरंभी ते परस्पर बंद करू नये, हेही पालकांस स्पष्ट सांगावे.

औषधालयचालकांसाठी दोन शब्द

बल तीन प्रकारचे : सहज, कालज आणि युक्तिकृत. यांतील युक्तिकृत बल आहार व विहाराच्या योग्य योजनेने येते. त्याला तीन आठवड्यांची मुदत पुरत नाही. स्पर्धेच्या तोंडावर मागितल्या जाणाऱ्या ‘ताकदीच्या’ औषधांबाबत आणखी एक सावधगिरी हवी. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या निषिद्ध यादीत स्ट्रिक्निनचा समावेश आहे, आणि कुपीलूच्या बीजात तेच द्रव्य असते. शोधनाने त्याचे प्रमाण घटते, ते निःशेष होत नाही. विषतिंदुक वटी, अग्नितुंडी वटी यांसारखे कुपीलूयुक्त कल्प स्पर्धक विद्यार्थ्यास देऊ नयेत. इफेड्रा वनस्पतीतील इफेड्रिनही स्पर्धाकाळात लघवीत ठराविक मर्यादेपलीकडे आढळल्यास दोष ठरते. विजयायुक्त कल्पांविषयीही हीच दक्षता घ्यावी. नमुन्यात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, असा नियम आहे. औषध कोणी दिले हे सांगून तो सहसा सुटत नाही. राष्ट्रीय पातळीवरील स्पर्धांत अल्पवयीन खेळाडूंचीही तपासणी होऊ शकते आणि २०२२ पासून आपल्या देशात यासाठी स्वतंत्र कायदा आहे. तेव्हा विद्यार्थी खेळाडू दुकानात आला तर तो कोणत्या पातळीवर खेळतो हे विचारावे, घटकद्रव्यांची पूर्ण यादी नसलेले कोणतेही उत्पादन त्याच्या हाती देऊ नये आणि शंका असल्यास त्यास वैद्याकडे पाठवावे. एक गिऱ्हाईक परत गेल्याने होणारे नुकसान अल्प आहे. एका मुलाची काही वर्षे वाया जाणे अल्प नाही.

वैद्याचे कर्तव्य

गावातील वा पेठेतील शाळेचे मैदान वैद्याने वर्षातून एकदा तरी स्वतः पाहावे. जमीन सपाट आहे काय, खडे-काचा आहेत काय, सावली व पाणी आहे काय, बाद झालेली मुले कोठे बसतात आणि किती वेळ बसतात, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. बाद झालेल्यांसाठी मैदानाच्या कडेला दुसरा खेळ चालू ठेवणे, एका मोठ्या डावाऐवजी चार लहान डाव मांडणे, आठवड्यातील एक तास लेझमीस देणे या गोष्टींना पैसा लागत नाही. क्रीडाशिक्षकांसही वैद्याचा असा शब्द हवाच असतो, कारण वर्गातील दुर्बल मुलाचे काय करावे ही चिंता त्यांनाही असते.

अतिव्यायामाचे वर्णन करताना आचार्यांनी बलाबाहेर हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाचा दृष्टांत दिला आहे. आपल्या मुलांपैकी काहींना आपण त्या सिंहाच्या वाटेने नेत आहोत आणि उरलेल्यांना मैदानाच्या कडेला बसवून ठेवीत आहोत. या दोहोंच्या मधली वाट अर्धशक्तीची आहे. ती दाखविण्याची विद्या वैद्यवर्गापाशी आहे. दाखला लिहिण्यापूर्वी ‘तू मैदानावर काय खेळतोस?’ एवढे त्या मुलालाच विचारून तिचा आरंभ करता येईल.